निकोटिन गम : तलफेचा आणि खिशाचा हिशेब
सिगारेट सोडण्यासाठी 2 मिलिग्रॅमचा निकोटिन गम, म्हणजे सिगारेटीऐवजी थोडे निकोटिन देणारा चघळायचा गम, मी तीन महिने वापरला. सुपारीसारखा सतत चघळला तर उचकी लागते; चव तिखट लागू लागली की तो गालात दाबून ठेवायचा असतो, हे औषधाच्या दुकानात कोणी सांगितले नाही. खरी अडचण पैशांची आहे. गमची अख्खी स्ट्रिप घ्यावी लागते. उलट महाराष्ट्राने सप्टेंबर 2020मध्ये सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर बंदी घातल्यानंतरही कोपऱ्यावरच्या टपरीवर एकेक सिगारेट मिळतेच, आणि ती घेणाऱ्याला करवाढीचा चटका एका सिगारेटीपुरताच बसतो, शिवाय पाकिटाचा 85 टक्के भाग व्यापणारा सचित्र इशाराही त्याच्या नजरेस पडत नाही. गमने माझी तलफ मात्र निम्म्यावर आणली. सकाळच्या चहानंतरची तेवढी अजून हटत नाही.