कॉनर्सांच्या घरातला हिशेब: 'रोझॅन' परत आणताना काय जमलं, काय हुकलं

मे 1997 मध्ये बंद झालेली अमेरिकन विनोदी मालिका 'रोझॅन' 27 मार्च 2018 ला एबीसी वाहिनीवर परतली, तेव्हा पहिल्याच भागात एक छोटा प्रसंग होता. रोझॅनचा नवरा डॅन औषधांच्या दुकानातून गोळ्या घेऊन येतो. विम्यातून आता पूर्वीइतकं सुटत नाही, त्यामुळे जास्त पैसे मोजून कमी गोळ्या मिळाल्यात. मग साठी ओलांडलेले नवराबायको त्या आपसांत वाटून घेतात: ही तुझी, ती माझी, दुखण्याची अर्धी अर्धी. स्टुडिओत बसलेले प्रेक्षक खळखळून हसतात. तो प्रसंग जेमतेम मिनिटा-दोन मिनिटांचा आहे, पण कामगार कुटुंबावरची जुनी विनोदी मालिका आजच्या काळात कशी आणावी याचं इतकं चोख उत्तर दुसरीकडे क्वचितच सापडतं. भिंती, सोफा, सोफ्यावरचं रंगीत विणलेलं पांघरूण हे सगळं पुन्हा उभारलं होतंच. खरं काम मात्र त्या गोळ्यांनी केलं. या घरात पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे लेखकांनी आजच्या भावात नव्याने मांडलं होतं.

मूळ मालिका 18 ऑक्टोबर 1988 ला सुरू झाली. इलिनॉय राज्यातलं लॅनफर्ड हे काल्पनिक गाव. रोझॅन कॉनर प्लास्टिकच्या कारखान्यात कामाला, डॅन घरांच्या आतल्या भिंती उभारण्याची छोटी कंत्राटं घेणारा, तीन मुलं, आणि सतत नोकऱ्या बदलणारी बहीण जॅकी. त्या काळच्या इतर विनोदी मालिकांमध्ये नोकरी म्हणजे पात्राची ओळख सांगण्यापुरती गोष्ट होती. इथे कथाच नोकरीवर चालायची. पहिल्या हंगामाच्या शेवटी नवा साहेब कामाचा कोटा वाढवतो. रोझॅन त्याच्याशी सौदा करते: मी तोंड बंद ठेवते, तू कोटा उतरव. तो शब्द मोडतो आणि बायका काम सोडून बाहेर पडतात. पुढच्या हंगामांत रोझॅन ब्यूटी पार्लरमध्ये लोकांची डोकी धुते, दुकानातल्या उपाहारगृहात वाढपीण होते, मग बहिणीबरोबर स्वतःचं छोटं हॉटेल काढते. डॅन मोटरसायकलचं दुकान टाकतो आणि ते बुडतं. त्या दुकानाबरोबर थोरल्या मुलीच्या, बेकीच्या, कॉलेजचे पैसेही बुडतात, आणि पाचव्या हंगामाच्या सुरुवातीला ती मुलगी मार्कबरोबर पळून जाऊन लग्न करते. दुकान बुडाल्याने शिक्षण गेलं आणि शिक्षण गेल्याने पोर घरातून गेली, ही साखळी कुठेही तुटत नाही.

मग नवव्या हंगामात या कुटुंबाला 10 कोटी 80 लाख डॉलरची लॉटरी लागली आणि मालिका कोसळली. पैशाची अडचण हटली तसं विनोदाचं कारणही हटलं. अखेरच्या भागात उलगडलं की लॉटरी ही रोझॅनने लिहिलेली कल्पना होती आणि डॅन तर हृदयविकाराने आधीच गेला होता. 2018 च्या लेखकांनी हे दोन्ही बाजूला सारलं. डॅन घोरण्यावरचा श्वासाचा मुखवटा लावून झोपलेला दिसतो, बायकोला वाटतं मेला की काय, तो उठतो, आणि विषय संपतो. पुनरुज्जीवनात जुन्या कथेची गाठ कशी सोडवायची हा मोठा प्रश्न असतो. ती एका विनोदात कापून टाकावी, स्पष्टीकरणं देत बसू नये, हे इथून शिकण्यासारखं आहे.

त्या नऊ भागांच्या हंगामात उत्तम जमलेलं काम म्हणजे बेकीचं. लेसी गोरॅन्सनने रंगवलेली बेकी आता 43 वर्षांची आहे, विधवा आहे आणि मेक्सिकन हॉटेलात वाढपीण आहे. 50,000 डॉलरसाठी ती दुसऱ्या बाईचं मूल पोटात वाढवायला तयार होते, आणि त्यासाठी वय कमी सांगते. कॉलेजच्या पैशांवरून भडकलेली ती हुशार मुलगी पंचवीस वर्षांनी कुठे पोचली असेल, याचं हे प्रामाणिक उत्तर आहे. तिची धाकटी बहीण डार्लीनही तशीच. लेखिका व्हायला निघालेली ही मुलगी नोकरी गमावून दोन मुलांसह आईवडिलांच्या घरी परतते. सारा गिल्बर्टने बारा-तेरा वर्षांच्या डार्लीनला जो कोरडा, तिरकस स्वर दिला होता तोच चाळिशीतही ठेवलाय. फक्त आता त्यात थकवा ऐकू येतो.

गाजला मात्र दुसराच प्रसंग. रोझॅन ट्रम्पला मत देणारी, जॅकी त्याच्या विरोधातली, वर्षभर दोघींचा अबोला. आज हा प्रसंग पाहिला तर टोपी, टी-शर्ट आणि घोषणा यांच्यावरचे विनोद शिळे वाटतात. रोझॅनने मत देण्याचं सांगितलेलं कारण, म्हणजे तो नोकऱ्यांबद्दल बोलला, तेवढं अजून टिकून आहे. त्याच हंगामात शेजारच्या मुस्लिम कुटुंबाबद्दल मनात संशय असूनही रात्री इंटरनेटसाठी त्यांचंच दार वाजवायची वेळ येते, तेव्हा राजकारण गरजेतून येतं आणि चांगलं रंगतं. पुनरुज्जीवन करणाऱ्यांची नेहमीची चूक इथे स्पष्ट दिसते: आधी चर्चेतला विषय निवडायचा आणि मग तो पात्रांच्या तोंडी घालायचा. मुळातली पद्धत उलटी होती. आधी घरातली नड, आणि नडीच्या पोटातून विषय.

29 मे 2018 ला रोझॅनचं काम करणाऱ्या रोझॅन बारने ओबामांच्या माजी सल्लागार व्हॅलरी जॅरेट यांच्याबद्दल वर्णद्वेषी ट्वीट केलं आणि काही तासांत एबीसीने मालिका रद्द केली. निर्णय योग्यच होता. जूनमध्ये करार झाला: बारने आर्थिक हक्क सोडला आणि तिच्याशिवाय तेच घर, तीच माणसं घेऊन 'द कॉनर्स' 16 ऑक्टोबर 2018 ला सुरू झाली. जिच्या नावावर मालिका उभी होती तीच काढून टाकायची, हे याआधी फारसं कुणाला पेललेलं नाही. 'गुड टाइम्स' या जुन्या मालिकेत 1976 साली बापाला अपघातात मारून टाकलं आणि त्या घराचा कणाच गेला. कारण त्या मृत्यूचा घराच्या परिस्थितीशी काही संबंध नव्हता, केवळ नट नको म्हणून पात्र मेलं.

'द कॉनर्स'ने इथे जे केलं ते फार वरच्या दर्जाचं आहे. रोझॅन झोपेत हृदयविकाराने गेली असं घरच्यांना वाटत असतं. शवविच्छेदनात कळतं की वेदनाशामक अफूजन्य गोळ्यांचा अतिरेक झाला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च, लांबणीवर टाकलेलं दुखणं, त्यातून लागलेलं व्यसन हे आधीच्या हंगामात येऊन गेलेलंच आहे. डॅन बाटलीवरच्या अनोळखी बाईचं नाव आपल्या ट्रकवर झळकवतो, बायकोचा जीव हिने घेतला म्हणून. ती बाई दारात येते आणि सांगते की गावात सगळेच एकमेकांना गोळ्या देतात, कारण विमा कुणालाच परवडत नाही.  सहा महिन्यांपूर्वी ज्या वाटावाटीवर प्रेक्षक हसले, तीच आता मृत्यूचं कारण झाली. नटीला काढायचं म्हणून शोधलेली ही सबब अजिबात वाटत नाही. डॅन झालेला जॉन गुडमन तो प्रसंग आवाज न चढवता करतो, आणि त्याला रागावायला समोर माणूसच उरत नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. लॉरी मेटकाफ स्वयंपाकघर आवरत बसते, पुन्हा पुन्हा आवरते. मूळ मालिकेतल्या जॅकीसाठी तिने सलग तीन एमी पुरस्कार मिळवले होते. इथे कारण कळतं.

पुढे सात हंगाम आणि 112 भाग झाले. सगळे सारखे नाहीत, आणि सगळे पाहायची गरजही नाही. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेला तिसरा हंगाम आवर्जून पाहावा. साथीच्या काळात घराच्या कर्जाचे हप्ते थकलेत, डॅनच्या डोक्यावर घर जाण्याची टांगती तलवार आहे, आणि डार्लीन व बेकी तोंडावर मास्क लावून त्याच वेलमन प्लास्टिक्सच्या कारखान्यात रुजू होतात, जो आईने एकतीस वर्षांपूर्वी ताठ मानेने सोडला होता. आठवणींना हात घालायचा तर असा. जुनी जागा दाखवायची, पण तिथे आज परत यावं लागणं ही पात्राची हार असली पाहिजे. तो हंगाम स्टुडिओत प्रेक्षक न बसवता चित्रित झाला, त्यामुळे हशांची लय थोडी बिघडलेली जाणवते. पण विषयाला ती शांतता शोभते.

पाचव्या हंगामापासून पकड सैल होते. डार्लीन आणि बेन, जॅकी आणि नेव्हिल, डॅन आणि लुईज: लग्नं चौथ्या हंगामात लागून गेलेली, जोड्या वाढलेल्या, आणि प्रत्येक जोडीला प्रत्येक भागात काहीतरी काम द्यावं लागतं. इथे वेळेचं गणित आडवं येतं. अर्ध्या तासाच्या खणात जाहिराती वजा जाता 1988 मध्ये तेवीस मिनिटांच्या आसपास कथा मिळायची, आता एकवीसच्या आसपास मिळते. दोन मिनिटं म्हणजे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोन माणसांचा एक सलग प्रसंग. जुन्या 'रोझॅन'चा जीव त्याच प्रसंगात असायचा. पात्रं आठ-दहा आणि धागे तीन झाले की कापलं जातं ते हेच. उरतात चटपटीत वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हशा. दुःखाच्या क्षणीही कुणीतरी टोमणा मारतं आणि प्रसंग पुढे सरकतो. कॉनर्सांचा धाकटा मुलगा डीजे, त्याचं पात्र तर 2022 नंतर नाहीसंच होतं. त्याची मुलगी मेरी घरात राहते आणि बापाच्या नसण्याचा भार कुणी नीट उचलत नाही.

तरीही उतरत्या काळातही पैशाचा धागा हाती आला की मालिका लगेच सावरते. आपला मुलगा मार्क (हा बेकीचा नवरा नव्हे) याच्या कॉलेजच्या फीमध्ये सवलत मिळावी म्हणून डार्लीन त्याच कॉलेजच्या कँटीनमध्ये नोकरी धरते, तो धागा पाहा. आईच्या पिढीत फी भरता आली नाही म्हणून मुलगी दुरावली. या पिढीतली आई फीसाठी जाळीची टोपी घालून मुलाच्या वर्गमित्रांना वाढते. 23 एप्रिल 2025 ला संपलेला सहा भागांचा शेवटचा हंगामही औषध कंपनीविरुद्धच्या दाव्याभोवती फिरतो, म्हणजे पुन्हा त्या गोळ्यांपाशीच येतो, आणि म्हणून तो आधीच्या दोन हंगामांपेक्षा उजवा आहे.

पुनरुज्जीवनाची दुसरी पद्धत पाहायची असेल तर 'वन डे ॲट अ टाइम' घ्या. मूळ मालिका 1975 ते 1984, सीबीएस वाहिनीवर. नेटफ्लिक्सने जानेवारी 2017 मध्ये आणलेल्या रूपात नाव आणि सांगाडा तेवढा ठेवला आणि माणसं सगळी नवी घेतली. लॉस एंजेलिसमधलं क्यूबन-अमेरिकन कुटुंब, नवऱ्यापासून वेगळी राहणारी पेनेलोपे, पूर्वी सैन्यात आणि आता डॉक्टरांच्या दवाखान्यात परिचारिका, आणि आजीच्या भूमिकेत रीटा मोरेनो. एक बदल फार बारकाईने केलेला आहे. जुन्या मालिकेतला श्नायडर इमारतीची डागडुजी करणारा कामगार होता. नवा श्नायडर इमारतीच्या मालकाचा पैसेवाला मुलगा आहे. दारात रोज येणारा मित्रच घरमालकाचा मुलगा असल्याने भाड्याचा प्रश्न न बोलताही खोलीत हजर असतो. बरोबरीच्या पुरुष परिचारकाला आपल्यापेक्षा जास्त पगार आहे हे पेनेलोपेला कळतं, तो पहिल्या हंगामातला भाग तर नमुन्यादाखल दाखवावा असा आहे. उपदेश कधीकधी जास्त होतो हे खरं. पण चार हंगामांत मिळून 46 भाग, त्यामुळे ती ताणलेली वाटत नाही.

2024 मधली 'गुड टाइम्स'ची ॲनिमेशन आवृत्ती टाळली तरी चालेल. शिकागोच्या सरकारी वसाहतीतली घरभाड्याची धास्ती हा मूळ मालिकेचा गाभा होता. त्या जागी आरडाओरडा आणि ओंगळ विनोद आले. 2019 मध्ये 'ऑल इन द फॅमिली'ची जुनी संहिता नव्या नटांनी जशीच्या तशी थेट प्रक्षेपणात सादर केली, ती अभ्यासासाठी बरी. तिच्यात आजचं काही नाही आणि तसा तिचा दावाही नव्हता.

पाहायचंच ठरवलं तर क्रम असा ठेवावा. जुन्या 'रोझॅन'चा पहिला भाग, पहिल्या हंगामाचा शेवट, मग चौथ्याचे शेवटचे आणि पाचव्याचे पहिले काही भाग. नववा हंगाम सोडून द्या, फक्त अखेरचा भाग पाहा. मग 2018 चे नऊ भाग सलग, आणि त्यांना लागूनच 'द कॉनर्स'चा अकरा भागांचा पहिला हंगाम. या दोहोंत मोठा खंड पडू देऊ नका, नाहीतर गोळ्यांचा धागा सुटतो. त्यानंतर तिसरा हंगाम, आणि थेट सातवा. जुने भाग पाहताना त्यांची लांबी तपासून घ्या. पुनःप्रक्षेपणासाठी कापलेल्या प्रतींमध्ये मिनिटा-दोन मिनिटांची कात्री लागलेली असते, आणि ती बहुधा त्या टेबलाशी बसलेल्या प्रसंगांनाच लागते.