ल्यूक कॉम्ब्सचं 'फास्ट कार': गल्ल्यावरची पोरगी पोरगीच राहिली हे बरं झालं

कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडच्या ढंगाचं संगीत, लागलं की मी सरळ पुढचं गाणं लावायचो पण कंट्री गायक ल्यूक कॉम्ब्सचं हे 'फास्ट कार' दोन आठवड्यांपासून रोज ऐकून राहिलो, बुटीबोरीची शिफ्ट सुटली की बसमध्ये खिडकीची जागा धरतो आणि वर्धा रोड संपेपर्यंत हेच.

गाणं मूळ अमेरिकन गायिका ट्रेसी चॅपमनचं, १९८८ चं, तिनंच लिहिलेलं. कॉम्ब्सनं २०२३ मध्ये गायलं आणि ते अमेरिकेत कंट्री एअरप्ले या रेडिओवरच्या कंट्री गाण्यांच्या यादीत एक नंबर, हॉट १०० या सगळ्या गाण्यांच्या यादीत दोन नंबरपर्यंत गेलं, मूळवालं १९८८ मध्ये हॉट १०० वर सहापर्यंत पोचलं होतं.

गोष्ट एका पोरीची आहे. बाप दारुडा, आई सोडून गेलेली, म्हणून ही शाळा सोडून बापाचं करते अन् मग दुकानात गल्ल्यावर लागते. कॉम्ब्स एवढा दाढीवाला धिप्पाड माणूस पण त्यानं तिथं पोरगीचा पोरगा केला नाही, 'चेकआउट गर्ल' हा शब्द होता तसाच गायला, आणि मला यातच सगळं आलं.

माझी ताई बारावीनंतर इतवारीत कपड्याच्या दुकानात बिलं फाडायची, बाबांना लकवा मारला होता, पुण्याची ॲडमिशन तशीच राहिली. रात्री पोळ्या लाटायला बसायची तेव्हा बोटांना कार्बन पेपरचा निळा रंग असायचा, साबणानं पण जायचा नाही. परवा तिला गाणं ऐकवलं, अर्थ सांगितला, तर म्हणे मग ती गेली का गाव सोडून? गेली ना ताई, नोकरी पण लागली, पण ज्याच्या गाडीत बसून गेली तोच पुढं दारूत बुडाला.

एक खटकलं, ड्रम चालू झाले की आवाज जरा जास्तच भरतो. शेवटी ती त्याला जा म्हणते तिथं ट्रेसी आवाज चढवत नाही, आणि म्हणूनच पोटात गोळा येतो, ते इथं होत नाही. गिटारची ती गोल गोल फिरणारी धून मात्र त्यानं जपली आहे, मनापासून जपली आहे.

२०२३ चं सीएमएचं (अमेरिकेतल्या कंट्री म्युझिक असोसिएशनचं) साँग ऑफ द इयर बक्षीस गीतकार म्हणून ट्रेसीलाच मिळालं, गाणं ३५ वर्षांचं झाल्यावर, आणि तो मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार.

आधी मूळ ऐका, मग हे, आणि मग २०२४ च्या ग्रॅमीतला दोघांचा व्हिडिओ नक्की बघा, ती गात असते आणि हा बाजूला उभा राहून तिच्याकडे बघत नुसते ओठ हलवत असतो.