आठ महिन्यांनंतर: कानपुरी ड्रेसाज खोगीर आणि त्यातली भरती

'खोगीरभरती' हा शब्द आपण फालतू मजकुराला वापरतो. खऱ्या खोगिराची भरती काय चीज असते, ते मला आठ महिन्यांनी कळलं. तेही घोडीने सांगितलं म्हणून.

खोगीर कानपूरचं, ड्रेसाजसाठीचं (घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून घ्यायचा खेळ), साडेसतरा इंची, काळं. किंमत २८,०००. जर्मन घ्यायचं तर दोन लाखांची बात, आणि माझी घोडी त्याहून खूप स्वस्तात आलीय. रेसमधून निवृत्त झालेली थरोब्रेड, जवळजवळ चाऱ्याच्या बोलीवर मिळाली. २०२३च्या हांगझोऊ एशियाडमध्ये अनुष, हृदय, दिव्यकृती आणि सुदिप्तीने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं, तेव्हा आमच्या क्लबात निम्मे लोक एका रात्रीत ड्रेसाजवाले झाले. मीही त्यातलीच. ती मंडळी त्याआधी युरोपात वर्षानुवर्षं राबत होती, हा भाग आम्ही सोयीस्करपणे गाळला.

पहिले तीन महिने काही बोलायला जागा नव्हती. जंपिंगच्या खोगिरात मी खुर्चीत बसल्यासारखी बसायचे. यात मांडी सरळ खाली सुटते. दुडकीत २० मीटरचे गोल गोल दिसायला लागले (आधी बटाटे दिसायचे). पावसाळ्यात बुरशी धरली, पण पुण्यात ती चपलांनाही धरते.

चौथ्या महिन्यात घोडी डाव्या हाताला कँटर (दुडकीच्या वरची चाल) घेईना. कान मागे, पाठ खाली, शेपटीचे फटकारे. रायडिंग शिकवणारे सर म्हणाले, पुण्या-मुंबईच्या ट्रॅकवर घोडे उजव्या हाताने, म्हणजे घड्याळाच्या दिशेने पळतात, तिची डावी बाजू कच्चीच असणार. पटलं. महिनाभर डावीकडेच काम केलं. आता लिहिताना लाज वाटते.

शोध लावला तो मामांनी, म्हणजे घोडीची निगा राखणाऱ्या आमच्या साईसांनी. खोगीर उतरवल्यावर मला बोलावून म्हणाले, "ताई, इथं हात लावा." सगळी पाठ घामाने ओली आणि डावीकडे मणक्याशेजारी तळहाताएवढा भाग कोरडा ठणठणीत. तिथे दाबलं तर घोडी खचली. खोगीर उलटं करून पॅनलवरून (घोड्याच्या पाठीवर टेकणारी भरलेली गादी) बोटं दाबत नेली, तर बरोबर त्याच जागी आत गाठ.

दुकानाला फोन. उत्तर: "मॅडम, सॅडल ठीक है, घोडी की पीठ बदल गयी." फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, मग खोगीरच पाठवा. कुरिअर ६४० रुपये, माझ्या खिशातून. तीन आठवड्यांनी जसंच्या तसं परत, आत पॉलिशची डबी भेट.

शेवटी रेसकोर्सजवळ खोगीर-लगामाची कामं करणाऱ्या एका काकांनी पॅनल उघडलं. अर्धी लोकर, अर्धे रंगीबेरंगी सिंथेटिक धागे, आणि त्यांची वळून लिंबाएवढी झालेली गाठ! काकांनी दोन्ही बाजूंना नवी लोकर थोडी थोडी सारून, दर वेळी हाताने चाचपत भरली. १,८०० रुपये.

इथपर्यंत एकच स्टार द्यायचं ठरलं होतं. पण जाता जाता काकांनी रिकिबींचे पट्टे शेजारी शेजारी धरून दाखवले. डावा बोटभर लांब! मी रोज जमिनीवरून डाव्या रिकिबीत पाय टाकून चढते, त्याने ताणला गेलेला. म्हणजे इतके महिने मी डावीकडे कलून बसत होते आणि गाठ आणखी दाबत होते. चढायचा स्टूल घ्यायला सर दिवाळीपासून सांगत होते. ९०० रुपये कशाला, म्हणून मीच टाळलं. आणि दुकानदाराचंही अगदीच खोटं नव्हतं. कामाने घोडीची पाठ खरंच भरलीय, खोगिराखाली घालायचा जुना नमदा आता जाड पडतो. लोकरीची भरती पहिल्या काही महिन्यांत बसतेच, सहा महिन्यांनी दाखवून घ्यायची असते, हेही मला ठाऊक नव्हतं. पण त्यांनी विकताना सांगायला नको?

आता घोडी डावा कँटर घेते, अजून जरा संशयानेच. चामडं, शिलाई, तंगाचे पट्टे सगळं शाबूत. घ्यायचं तर घ्या, पण घेतल्या दिवशीच पॅनल चाचपून बघा.

साडेतीन स्टार. एक कापला गाठीसाठी, अर्धा त्या ६४० रुपयांसाठी. पॉलिश बरं आहे.