घरचा तिरंगा: गॅलरीत लावावा की भिंतीवर?

१५ ऑगस्टला नाशिकमध्ये मुसळधार नसला तरी भुरभुर पाऊस असतोच. म्हणून आधी जागा ठरवा, कापड त्यावरूनच ठरतं.

गॅलरीसाठी पॉलिएस्टर. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून पॉलिएस्टरचा आणि यंत्रावर बनवलेला ध्वज ध्वजसंहितेत बसतो. खादी देखणी खरी, पण भिजली की जड होते, काठीला चिकटून बसते आणि ओलीच घडी घातली तर बुरशीचे डाग पडतात. पॉलिएस्टर झटकलं की लवकर वाळतं. त्याचं दुखणं वेगळं: वाऱ्यात फडफडून मोकळ्या टोकाची शिवण उसवते. उसवलेला, फाटका ध्वज लावायचा नसतो, तेव्हा ते टोक रोज एकदा बघावं.

आकारात बहुतेकांची गल्लत होते. ९०० × ६०० मिमीचा ध्वज पाच फुटी काठीवर ४५ अंशांत लावला, तर वारा पडल्यावर तो पार काठीच्या बुडापर्यंत लोंबतो. ४५० × ३०० मिमीला तीन फुटी काठी पुरते आणि ध्वज बुडाच्या वरच राहतो. फ्लॅटला हाच बरा. तिरक्या काठीवर केशरी पट्टा टोकाकडे हवा.

जुलै २०२२ पासून घरावरचा ध्वज रात्रीही ठेवता येतो. परवानगी आहे म्हणून झडीत रात्रभर भिजवत ठेवायलाच हवा, असं मात्र नाही. चढवताना झटकन, उतरवताना सावकाश. गच्चीवर आधीच भगवा असेल तर तिरंगा त्याच काठीवर नको, आणि दुसरा कुठलाही ध्वज तिरंग्याहून उंच नको.

भिंतीसाठी खादी बिनधास्त घ्या. आडवा लावला तर केशरी वर, एवढंच. उभा लावताना चुकतं: बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी आला पाहिजे. खाली सोफ्याची पाठ किंवा टीव्ही टेकत नाही ना, तेवढं पाहा. हार-फुलं काठीवर किंवा ध्वजावर नकोत.

घेताना टेप सोबत ठेवा. लांबी-रुंदी ३:२, तिन्ही पट्टे सारखे, चक्राला २४ आरे. ९०० × ६०० मध्ये पट्टा २०० मिमीचा आणि चक्र १८५ मिमीचं असतं, म्हणजे वर-खाली जेमतेम साडेसात मिमी पांढरं उरतं. चक्र लिंबाएवढं दिसलं की तो ध्वज परत ठेवा. चक्र दोन्ही बाजूंनी दिसायला हवं. स्वस्त छपाईत मागची बाजू फिकी निघते.

जुना झालेला ध्वज निर्माल्यासारखा रामकुंडावर नेऊ नका. ध्वज पाण्याला लागू द्यायचा नसतो. फडकी करून पुसायला तर नाहीच. घरच्या घरी, चारचौघांत नाही, अख्खा जाळावा.