वासा, स्टॉकहोम: बुडालेल्या जहाजाला साडेचार तारे

स्टॉकहोमच्या वासा संग्रहालयात 1628 मध्ये बुडालेलं आणि पुढे वर काढलेलं जहाज ठेवलंय. नाव ऐकल्याबरोबर आमच्या हिला म्हणच आठवली. "वासा? म्हणजे बडा घर पोकळ वासा, त्यातला?" मुलगा हसला. स्वीडनमध्ये वासा हे राजघराण्याचं नाव, त्यांच्या ढालीवर धान्याची पेंढी असते, तिच्यावरून पडलेलं. पण पाच तासांनी बाहेर पडताना मला वाटलं, हिचीच व्युत्पत्ती बरोबर होती.

आधी माझ्याविषयी दोन ओळी, म्हणजे हे परीक्षण कोणत्या चष्म्यातून लिहिलंय ते कळेल. मी मूळचा हर्णैकडचा. मुंबईच्या एका गोदीत 34 वर्षं ड्राफ्ट्समन होतो, जहाजांचे नकाशे काढले. निवृत्तीनंतर मुलाकडे स्टॉकहोमला आलो तेव्हा सूनबाईंनी विचारलं, "बाबा, राजवाडा बघायचा की जहाज?" हा काय प्रश्न झाला?

स्लुसेनहून 82 नंबरची फेरीबोट पकडा. ट्रामही जाते, पण बोटच घ्या. संग्रहालय आहे त्या युर्गार्डन बेटाकडे जाताना ती बेकहोल्मेन बेटाजवळून जाते, आणि 10 ऑगस्ट 1628 ला वासा बुडालं ते तिथेच, साधारण 32 मीटर पाण्यात. पहिलाच प्रवास. धक्का सोडून जेमतेम 1300 मीटर गेलं होतं. आमच्या हर्णैहून सुवर्णदुर्गाला वळसा घालून यायचं म्हटलं तरी याहून जास्त अंतर पडेल.

आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं काही दिसत नाही. लाकडाला उजेड सोसत नाही म्हणून दिवे मंद ठेवलेत. डोळे सरावले की समोर अंधारातून नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, पुढे येते, टोकाला तीन मीटरचा झेप घेणारा सिंह. मग मान वर, आणखी वर. नातू म्हणाला, "आबा, हे खरं आहे?" खरं आहे. अठ्ठ्याण्णव टक्के लाकूड मूळचं, 1628 चं. ही प्रतिकृती नव्हे. डोलकाठीसकट उंची साडेबावन्न मीटर, म्हणून छताच्याही वर खोट्या डोलकाठ्या उभारून पूर्ण उंची दाखवलीय. मी आयुष्यभर जहाजं कागदावर आणि स्लिपवेवर पाहिली, तरी बाकड्यावर बसावं लागलं.

सहा मजल्यांवरून ते सगळ्या बाजूंनी बघता येतं. जहाजावर चढू देत नाहीत, तोफांच्या एका मजल्याची पूर्ण आकाराची नक्कल केलीय, तिच्यात शिरायचं. आधी हिरमुसलो. पण रोज हजारो लोकांच्या पायांचा आणि श्वासाचा भार त्या लाकडावर घालणं मलाही पटलं नसतं. वरामूकडची, म्हणजे मागची बाजू सर्वांत दाट कोरलेली. जहाजावर मिळून सातशेच्या आसपास कोरीव आकृती आहेत आणि त्या काळी त्या भडक रंगवलेल्या होत्या. शेजारी एकास दहा प्रमाणाची रंगीत प्रतिकृती ठेवलीय, ती बघून ही म्हणाली, "अगदी जत्रेतला रथ!" शत्रू होता पोलंड. म्हणून पुढच्या बाजूला, खलाशांच्या संडासाजवळ, बाकाखाली दबून बसलेला एक पोलिश सरदार कोरलाय. सुताराने मन लावून केलेलं काम.

आता माझा विषय. ते बुडालं का?

राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ लढाईवर, पत्रांतून घाई. 64 तोफा, त्यातल्या 48 चोवीस पौंडांचा गोळा डागणाऱ्या, दोन मजल्यांवर विभागलेल्या. जहाजबांधणीचा मुख्य कारागीर हेन्रिक हिबर्टसन हा डच माणूस, तो जहाज पुरं व्हायच्या आधी 1627 मध्ये वारला, काम दुसऱ्याच्या गळ्यात पडलं. त्या काळी स्थिरतेचं गणित नव्हतंच. आधीच्या जहाजाची मापं घ्यायची, थोडी वाढवायची. डोक्यावरचं गाठोडं वाढत गेलं, पाय तेवढेच राहिले. तळाशी सुमारे 120 टन दगडांचं नीरम, म्हणजे जहाज स्थिर ठेवायचं वजन, होतं. आणखी भरावं म्हटलं, तर खालच्या तोफांच्या खिडक्या पाण्याला टेकणार. म्हणजे दोन्हीकडून कोंडी.

एका कपाटात चार फूटपट्ट्या आहेत. बहुतेक लोक त्यांच्यासमोरून चालत पुढे जातात. मी वीस मिनिटं उभा होतो. जहाज वर काढल्यावर सुतारांच्या या पट्ट्या सापडल्या. दोन स्वीडिश फुटाच्या, बारा इंची. दोन आम्स्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंची. फूटही लांबीला वेगळा, इंचही वेगळा. एकाच जहाजावर! जहाजाची डावी-उजवी बाजू सारखी नाही, हे आता मोजून कळलंय. मला आमच्या गोदीतली एक गोष्ट आठवली. एकदा दोन शिफ्टच्या दोन टेपांत तीन मिलिमीटरचा फरक निघाला आणि वरिष्ठांनी सगळ्यांच्या टेपा जप्त करून टेबलावर ओळीने मांडल्या. तेव्हा त्यांचा राग आला होता.

त्याच्या पुढची गोष्ट याहून वाईट. निघण्याआधी अॅडमिरल क्लास फ्लेमिंगसमोर चाचणी झाली. तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळायला लावलं. तीन फेऱ्यांतच जहाज असं डुलायला लागलं की धावणं थांबवलं. आणि तरीही सोडलं. आमच्याकडे इन्क्लायनिंग चाचणी, म्हणजे जहाज जरासं कलवून त्याची स्थिरता मोजणं, व्हायची तेव्हा ठरलेल्या जागी वजनं सरकवायची, लंबकाचं टोक तेलाच्या भांड्यात बुडवलेलं, पट्टीवर मिलिमीटर मोजायचे. दोर सैल सोडलेले, आणि चाचणीपुरती एकही माणूस जागचा हलायचा नाही. कुणी खोकलं तरी साहेब डोळे वटारायचे. इथे तीस माणसं पळाली, जहाजाने तोंडावर उत्तर दिलं, पण राजाला ते कळवायची हिंमत कुणाची झाली नाही. तो समुद्रापार होता, हे निमित्त.

मग ते निघालं. वारा मंद, दहांपैकी चारच शिडं उभारलेली, सलामीसाठी तोफांच्या खिडक्या उघड्या. एक झुळूक आली, कललं, सावरलं. दुसऱ्या झुळकेला खालच्या खिडक्यांतून पाणी आत घुसलं आणि संपलं. काठावर अर्धं शहर उभं. सुमारे तीस माणसं गेली. चौकशी बसली. कप्तानाला विचारलं, दारू प्याला होतास का, तोफा बांधलेल्या होत्या का? बांधकाम करणाऱ्यांना विचारलं, ते म्हणाले, राजाने मंजूर केलेल्या मापांप्रमाणेच बांधलं. शेवटी कुणालाच शिक्षा नाही. राजाकडे बोट दाखवणार कोण?

या दालनाचं मला सर्वांत आवडलं ते हे की त्यांनी एक खलनायक उभा केलेला नाही. माहितीफलक छोटे आहेत, आणि जहाज कलण्याचं गणित मात्र अगदीच वरवर सांगितलंय. गुरुत्वमध्य वर सरकला की काय होतं, हे मुलांना हाताने करून बघायला मिळेल असं एखादं मोठं मॉडेल हवं होतं.

ही मात्र सांगाड्यांच्या दालनात रेंगाळली. मला बोलावून एका सांगाड्यावरून घडवलेला चेहरा दाखवला. या सांगाड्याला संशोधक अनेक वर्षं गुस्ताव म्हणत होते. 2023 मध्ये डीएनए तपासणीत ती बाई निघाली, आता तिला गेरट्रूड म्हणतात. पहिल्या टप्प्यापुरतं खलाशांच्या कुटुंबांना सोबत घ्यायची मुभा होती. ही म्हणाली, "म्हणजे नवऱ्याबरोबर फिरायला आलेली." पुढे काही बोलली नाही. माझ्या आजीकडून ऐकलेली 'रामदास' बोट आठवली. 17 जुलै 1947, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, काश्याच्या खडकाजवळ उलटली, सहाशेच्या वर माणसं गेली. घाबरलेले उतारू एका अंगाला धावले, असं आजी सांगायची. त्या बोटीचं असं काही दालन मी आमच्या बाजूला पाहिलेलं नाही.

बाहेर काढायची कथा हा स्वतंत्र दिवसाचा विषय आहे. अँडर्स फ्रान्सेन नावाचा हौशी शोधक, 1956, बोटीतून वरून सोडलेलं, तळाचा नमुना कापून आणणारं पोकळ अवजार, त्यात अडकून आलेलं काळंभोर ओकचं लाकूड. मग पाणबुड्यांनी चिखलात चाचपडत जहाजाच्या पोटाखालून सहा बोगदे खणले, लोखंडी दोर घातले आणि 24 एप्रिल 1961 ला ते पाण्यावर आलं. बाल्टिकचं पाणी इतकं कमी खारट की जहाजं पोखरणारा किडा तिथे जगत नाही. आपल्या समुद्रात एवढी वर्षं लाकूड टिकलं असतं का? पुढे लाकूड सुकताना आक्रसू नये म्हणून 17 वर्षं त्याच्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल फवारत होते. हा पदार्थ क्रीमं आणि मलमांतही असतो, हे कळल्यावर हिने पिशवीतली ट्यूब काढून वाचली.

अजूनही ते पूर्ण ठीक नाही. वर काढल्यानंतर बसवलेले गंजणारे बोल्ट काढून पाच हजारांवर स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बसवले, तरी लाकूड हळूहळू वाकतंय. त्याला नवा आधार देण्याचं काम सुरू आहे. म्हणून मध्ये मध्ये चौकटी, पत्रे दिसले तर कुरकुर करू नका. मला तेच बघायला जास्त मजा आली. एका कामगाराला खुणेने विचारून मी त्याची पातळीची पट्टी बघितली. एकच एकक होतं.

व्यवहाराचं: अठरा वर्षांपर्यंत तिकीट नाही. आधी चित्रफीत बघा, मग जहाज. निदान तीन तास हवेत, गुडघे दुखत असतील तर लिफ्ट आहे. आतलं तापमान लाकडाच्या सोयीने ठरतं, तुमच्या नव्हे. मी सप्टेंबरात नुसत्या शर्टवर गेलो आणि शेवटचा तास सूनबाईंची गुलाबी शाल गुंडाळून काढला. फोटो आहेत, दाखवणार नाही.

अर्धा तारा त्या न ठेवलेल्या मॉडेलसाठी कापलाय. परतीच्या बोटीत सगळे उतारू फोटोसाठी उजव्या कठड्याला गेले. मी डावीकडे जाऊन उभा राहिलो. ही म्हणाली, "अहो, तुमच्या एकट्याच्या वजनाने काय होणार आहे?"