वाड्याचा सागवानी झोपाळा म्हणून आंब्याचं लाकूड गळ्यात मारलं, 1,18,000 गेले

ज्यांना नवीन फ्लॅटमध्ये वाड्याचा फील हवाय, पितळी कड्यांचा झोपाळा, सुरूचे (म्हणजे सुरूच्या झाडासारखे कोरलेले) खांब, कोनाड्यात समई वगैरे, त्यांनी आधी हे वाचा आणि मग काय घ्यायचं ते घ्या.

हिशोब आधीच सांगते. झोपाळा 72,000, दोन सुरूच्या खांबांचा अ‍ॅडव्हान्स 40,000, टेम्पो 4,500, हमाली 1,500. खांब आलेच नाहीत, झोपाळा आला तो असा.

प्रकार नेहमीचाच. इन्स्टावर पेज, "पेठेतला दीडशे वर्षांचा वाडा उतरवतोय, मोजकाच माल", पाडलेल्या वाड्याचा फोटो, खाली शंभर जणांचं "प्राइस प्लीज". आता कुणी म्हणेल इन्स्टावरून कशाला घ्यायचं, तर पुण्यात पेठांमधले वाडे खरंच पडतायत आणि त्यांचं लाकूड खरंच विकलं जातं, आमच्या ओळखीत दोघांकडे असे दरवाजे आहेत. आणि हा माणूस बोलायला इतका गोड की विचारू नका. कडीपाट, तुळई, माळवद, वाड्याच्या बांधकामाचे सगळे शब्द बरोब्बर, मला ताई आणि सासूबाईंना माई. आम्ही काही न बघता पैसे टाकले नाहीत, हायवेलगतच्या त्याच्या गोडाऊनवर जाऊन, हात लावून बघून घेतलंय.

आणि तिथेच सगळं दिसत होतं हो! माझा नवरा खाली वाकून पाटाच्या तळाशी बघत होता, मला म्हणाला अगं याला स्टारचे स्क्रू आहेत. म्हणजे ते अधिकचं चिन्ह असलेले. मी ऐकलं. त्या माणसानेही ऐकलं, आणि लगेच म्हणाला साहेब जुने खिळे गंजले होते, माईंना टोचू नये म्हणून आम्ही बदलले, आणि बोलता बोलता मोबाईल पुढे करून वाड्याचे फोटो दाखवायला लागला, हे बघा इथे टांगलेला होता. अरे पण खिळे बदललेस तर जुन्या खिळ्यांची भोकं कुठायत? एकही भोक नाही, एक डाग नाही, पाट कसा गुळगुळीत. हे मला रात्री दोन वाजता सुचतं आता. स्टारचा स्क्रू जगात आला 1930 च्या दशकात, हे कुणाला माहीत असतं, मी अकाउंट्सवाली बाई, मी काय सुतार आहे?

तर पावसाळा लागला आणि सासूबाईंच्या मोतिया रंगाच्या साडीला मागून कथ्थई डाग. मग पाटाखाली रोज सकाळी रव्यासारखा बारीक भुसा पडायला लागला. सुतार बोलावला, त्याने पटाशीने खालच्या कडेला जरासं खरवडलं तर आत पांढरट पिवळं. "ताई, हे आंब्याचं आहे, वरनं डाय मारलाय." जुन्या सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही म्हणे. मग त्याने खिशातलं लोहचुंबक काढून कडीला लावलं, खट्टकन चिकटलं. पितळेला चुंबक चिकटत नाही. आत लोखंड, वरून पितळेचा मुलामा. तर चुंबक न्या सोबत, दहा रुपयांचं मिळतं.

नक्षीपण बघा. दोन्ही बाजूंचे मोर आमच्याकडे मिलिमीटरने सारखे, मशीनवर कोरलेले. हाताच्या कामात एक चोच तरी वाकडी असतेच.

फोन केला तर आधी "लाकूड श्वास घेतंय ताई" (हे अक्षरशः म्हणाला), मग खांबांचे 40,000 परत मागितल्यावर ब्लॉक. गोडाऊनला दुसऱ्याच कुणाचं कुलूप.

आता पुढची गंमत. चौकीत गेलो तर साहेब गणपतीच्या बंदोबस्ताला. परत गेलो तर म्हणे वस्तू मिळाली ना तुम्हाला, मग हे सिव्हिल मॅटर, कंझ्युमरला जा. मी म्हटलं खांब मिळाले नाहीत, त्याचं काय? तर "येतील की". येतील की!! फसवणुकीचं जुनं कलम 420 आता 318 झालंय हे मला माहीत, समोरच्या हवालदाराला सांगितलं तर म्हणतो मॅडम वकील आहात का. शेवटी एक अर्ज घेतला, शिक्का मारला, संपलं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला तर ओटीपी दिला होता का, लिंक दाबली होती का, नाही? मग तुम्ही स्वतःच पाठवलेत ना. तिथे लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, आम्हाला कळलंच तीन महिन्यांनी. बँकेचं तेच, तुम्हीच पिन टाकलात. 1915 ग्राहक हेल्पलाईनवर तक्रारीचा डॉकेट नंबर मिळाला, तो आहे माझ्याकडे, फ्रेम करून कोनाड्यात लावते. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, सगळं छान, पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता तर हवा! पत्ता शोधणं कुणाचं काम आहे? पोलीस म्हणतात आयोगाचं, आयोगातला क्लार्क म्हणतो तुमचं. यूपीआयवर नाव आहे, खातं आहे, केवायसी झालेलं आहे, म्हणजे त्याचा पत्ता कुणाकडे तरी आहेच ना, फक्त मला कुणी देणार नाही.

बिल मागितलं तेव्हा त्याने "18 टक्के जीएसटी लागेल, उगाच कशाला" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर इस्टिमेट पाठवलं होतं. त्यावरचा जीएसटी नंबर 09 ने सुरू. महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, 09 म्हणजे उत्तर प्रदेश. जीएसटीच्या साईटवर नंबर फुकट तपासता येतो, दुकानातच उभं राहून तपासा, लाजू नका. आणि कुणी शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू म्हणून विकत असेल तर 1972 च्या कायद्याने त्याला पुरावशेष विकायचं लायसन्स लागतं. ते मागा. आमच्या महाशयांनी लॅमिनेट केलेलं "अँटिक सर्टिफिकेट" दिलंय, सही कुणाची ते वाचता येत नाही.

आपला सुतार सोबत न्या, त्याची दिवसाची हजेरी द्या, 72,000 पुढे ती काहीच नाही. न दिसलेल्या मालाचा अ‍ॅडव्हान्स देऊच नका, "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" म्हणाला तर त्या गिऱ्हाईकाला देऊ दे.

पेजचं नाव देण्यात अर्थ नाही, त्याने ते बदललंय. परवा नव्या नावाने तोच झोपाळा 85,000 ला टाकलाय, मी खाली कमेंट केली ती पाच मिनिटांत उडवली. पण फोटो जुनाच आहे. पडक्या चौकात तुळशीवृंदावन, त्याच्या डावीकडे निळा प्लास्टिकचा ड्रम आणि ड्रमवर वाळत घातलेला चौकडीचा टॉवेल. दिसला तर स्क्रीनशॉट काढून मला पाठवा, चौकीतल्या अर्जाला जोडायचाय.