‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूचं गाणं: काही महिने ऐकून झाल्यावर

बीटल्स या ब्रिटिश बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनचं नाव निघालं की लोक ‘समथिंग’ आणि ‘हिअर कम्स द सन’ म्हणतात. बीटल्स आणि भारतीय वाद्यं असा विषय निघाला तर ‘विदिन यू विदाउट यू’. ‘द इनर लाइट’पर्यंत फार थोडे पोचतात. मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’ची ४५ आरपीएमची तबकडी आली, तिच्या मागच्या बाजूला हे गाणं होतं. पुढची बाजू ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. हे बिचारं अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत ९६ व्या जागी डोकावलं आणि गेलं. त्या काळच्या कुठल्याच अल्बमवर ते नव्हतं, त्यामुळे पुढे ते संकलनांच्या कोपऱ्यातच पडून राहिलं.

गेले काही महिने मी ते जवळजवळ रोज ऐकतेय. कधी लोकलमध्ये हेडफोनवर, कधी घरी जुन्या अँप्लिफायरवर. मत आधीच सांगून टाकते. बीटल्सच्या तीन हिंदुस्तानी वळणाच्या गाण्यांत मला हे सगळ्यात सरस वाटतं. मात्र ते जॉर्जचं प्रवचन म्हणून ऐकलं तर अर्धं हातातून जातं. मुंबईच्या स्टुडिओत बांधलेलं अडीच मिनिटांचं नेटकं गाणं म्हणून ऐका.

कारण ते खरोखरच मुंबईचं आहे. ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत करायला हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये इथे आला होता. फोर्टात फिरोजशहा मेहता रोडवर एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ होता. मुंबईत तेव्हा मोनो यंत्रच होतं, म्हणून कंपनीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून रेल्वेने दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र आणलं. स्टुडिओला आवाजबंदी अशी नव्हतीच. खालच्या टॅक्स्या ध्वनिमुद्रणात उतरायच्या आणि संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की जिन्यातल्या पावलांमुळे काम थांबवावं लागायचं, असं हॅरिसननेच नंतर सांगितलंय. चित्रपटाचं काम चालू असतानाच या गाण्याचा वाद्यमेळ वाजवून घेतला गेला. त्यात एकही बीटल वाद्याला हात लावत नाही.

अनेकजण याला ‘सतारवालं गाणं’ म्हणतात. पण पुढे येऊन बोलतो तो सरोद, आशिष खाँ यांचा. त्याला उत्तर देते सनई. सरोद आणि सनई एका पंगतीला सहसा बसत नाहीत, आणि इथे ती जोडी बेधडक जमवलीय. बासरी हरिप्रसाद चौरसियांची, तेव्हा ते तिशीत नुकतेच येत होते. खाली महापुरुष मिश्रांचा पखवाज. इथे मराठी कानाची गंमत होते. भजनात पखवाज ऐकत वाढलेल्या माणसाला ही थाप परकी वाटूच शकत नाही. इंग्रजी समीक्षक ‘गूढ पूर्व’ वगैरे लिहीत बसतात आणि मला आपलं भजनीमंडळ आठवतं.

बांधणीही आपल्या ओळखीची आहे. द्रुत वाजणारा म्युझिक पीस, मग सगळं एकदम मऊ होऊन कडवं, पेटी आणि बासरी गळ्याच्या मागे, पुन्हा पीस, पुन्हा कडवं. यात राग शोधायचा खेळ मी थोडे दिवस खेळले आणि सोडून दिला. चाल म्हणून ती सुरेल आहे, तेवढं पुरे. बीटल्समधल्याच पॉल मॅकार्टनीचंही म्हणणं साधारण हेच होतं, की भारतीय संगीत क्षणभर बाजूला ठेवा आणि नुसती चाल ऐका.

शब्द ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या ४७ व्या प्रकरणावरून घेतलेत. केंब्रिजचे संस्कृतचे अभ्यासक हुआन मास्कारो यांनी हॅरिसनला पुस्तक पाठवून हे सुचवलं. दाराबाहेर न पडता जग जाणता येतं, असा आशय. आता हे गाणं करायला एक माणूस लंडनहून मुंबईला आला आणि एक यंत्र कलकत्त्याहून गाडीत बसून आलं, पण ते असो.

गळा, म्हणजे गायन, फेब्रुवारीत लंडनला ॲबी रोडवरच्या स्टुडिओत चढवला. हॅरिसनला आपल्याला हे झेपेल असं वाटत नव्हतं, मॅकार्टनीने आग्रह केला. ती धास्ती आवाजात ऐकू येते आणि माझ्या मते त्याचाच फायदा झालाय. ‘विदिन यू’मध्ये तो शिकवतो, इथे तो स्वतःशी बोलतो. अगदी शेवटच्या ओळीला बँडमधलाच जॉन लेनन आणि मॅकार्टनी सूर मिसळतात, तेवढ्यापुरतेच.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. दुसऱ्या कडव्यात ‘माझं’च्या जागी ‘तुझं’ येतं, बाकी जवळजवळ तेच. पहिल्या आठवड्यात हे छान वाटतं, महिन्याभराने आळशीपणा वाटू लागतो. आणि सरोद-सनईची जुगलबंदी जरा रंगात आली की कापलेली आहे. अजून एक मिनिट मिळालं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं?

आवृत्त्यांविषयी. बीटल्सच्या ‘पास्ट मास्टर्स’ या संकलनावरची स्टिरिओ बहुतेकांना पुरेल, वाद्यं सुटी ऐकू येतात. मोनो हवं असेल तर ‘मोनो मास्टर्स’ हे संकलन. पखवाज आणि पेटी त्यात एकजीव लागतात, छोट्या स्पीकरवर मी तेच लावते. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र काहीच लावू नका, सनई तेवढी किंचाळते आणि पखवाज गायब होतो. मूळ तबकडीच्या मागे धावायची गरज मला वाटत नाही.

खरी मेजवानी २०१४ मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’ या त्या चित्रपटाच्या संगीताच्या अल्बमच्या नव्या आवृत्तीसोबत आली, याच गाण्याचा गळ्याविना वेगळा टेक. गाणं पाठ झाल्यावरच तो लावा. वादकांनी किती जागा मोकळ्या सोडल्यात ते तेव्हा कळतं. २००२ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या हॅरिसनच्या स्मृती-मैफलीत गायक जेफ लिन यांनी हे गायलं, सतारीला अनुष्का शंकर. सादरीकरण सुरेख आहे, पण तिथे सगळं घासूनपुसून लख्ख केलंय. मी परत फिरोजशहा मेहता रोडवरच्या टेककडेच येते, आणि हल्ली गळ्याविनाचा टेक जास्त लागतो.